बाबांचं केळं बंद केलं, आता आणखी काय बंद करू?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. सासरे ६९ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. मधुमेह जुना आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. घरी येऊन नेलेल्या रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) १.७ आणि पोटॅशियम ५.८ आलं. डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून रिपोर्ट फोनवर कंपाउंडरला वाचून दाखवला. त्याने केळी आणि नारळपाणी बंद करायला सांगितलं. बाकीचं मोबाइलवर आलेल्या याद्या वाचून बंद झालं: टोमॅटो, बटाटा, डाळी, पालेभाज्या. सासरे सध्या ताक-भातावर आहेत, वाळले आहेत आणि "सून उपाशी ठेवते" असं शेजारी सांगतात. सासूबाईंनी रक्तदाबाला चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं आहे. "किडनी साफ होते" म्हणून त्या रोज सकाळी सासऱ्यांना कोथिंबिरीचा रसही देतात. बीपीच्या गोळीनेच किडनी खराब झाली, ती बंद करा, असं दिरांचं मत. त्यात आषाढी एकादशी तोंडावर आली आहे आणि आयुष्यभराचा उपवास सोडायला सासरे तयार नाहीत. भगिनी विचारतात, आणखी काय बंद करू, आणि एकादशीचं त्यांना काय सांगू?

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं की ५.८ हा आकडा महिनाभर तसाच ठेवण्यासारखा नाही. लगेच ईसीजी काढा आणि पोटॅशियम पुन्हा तपासा, तेही प्रयोगशाळेत जाऊन. तुम्ही ते केलंत. ईसीजी ठीक आला, पोटॅशियम ५.४ आलं. म्हणून आज जरा निवांतपणे लिहिते आहे. इतर वाचकांना मात्र आधीच सांगते: घरातल्या किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम ६ किंवा त्याहून जास्त आलं असेल तर हे सदर बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड, नाडी मंदावणं, चक्कर येऊन पडणं यातलं काही होत असेल तर रिपोर्टची वाटही पाहू नका. लक्षण काही नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही आणि पहिली खूण थेट ईसीजीवर दिसते.

५.८ चं ५.४ कसं झालं? तुम्हीच लिहिलं आहे की रक्त घ्यायला आलेल्या मुलाला शीर सापडेना, म्हणून त्याने दंडाला पट्टा करकचून बांधला, बाबांना मूठ आवळा-सोड करायला लावली, दोनदा टोचलं आणि नळी बॅगेत टाकून तो पुढच्या घरी गेला. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीस-पस्तीस पट जास्त असतं. मूठ आवळली की हाताच्या स्नायूंतून ते रक्तात येतं, सुईच्या जोराने तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं सांडतं आणि नळी तासन् तास तशीच राहिली तरी झिरपत राहतं. म्हणजे त्या ५.८ मधला काही भाग बाबांच्या अंगातला नव्हताच, नळीत तयार झालेला होता. यापुढे रक्त देताना पट्टा सैल ठेवायला सांगा, मूठ आवळायला लावू देऊ नका आणि रिपोर्टवर "हिमोलाइज्ड", म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या, असा शेरा आहे का ते बघा. असेल तर तो आकडा धरायचा नाही, तपासणी पुन्हा करायची. बाबांचं ५.४ मात्र खरं मानूनच चालू. साधारण ३.५ ते ५ ही मर्यादा, तेव्हा तेही जास्तच आहे.

तुमच्या पत्रात पोटॅशियमचा उल्लेख विष असल्यासारखा येतो. तिथून सुरुवात करू. साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या अंगात शंभर ते सव्वाशे ग्रॅम पोटॅशियम असतं. त्याच्यावाचून हात उचलत नाही की हृदयाचा ठोका पडत नाही. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत असतं. पेशींबाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात मिळून, जेमतेम दोन ग्रॅम. रिपोर्टवर दिसतो तो फक्त या दोन ग्रॅमचा हिशेब. आता एका साध्या जेवणाचा विचार करा: पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर. एक ग्रॅम पोटॅशियम त्यातून सहज पोटात जातं. ते सगळं बाहेरच राहिलं असतं तर दुपारच्या जेवणानंतर ४ चा आकडा ६ वर गेला असता आणि आपण कुणीच वामकुक्षीतून उठलो नसतो. तसं होत नाही, कारण जेवल्यावर स्रवणारं इन्सुलिन साखरेसारखंच पोटॅशियमलाही पेशींच्या आत धाडतं. हे काम पेशीच्या भिंतीतला एक पंप करतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, रात्रंदिवस. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना तो खेकड्याच्या पायांतल्या नसांवर काम करताना सापडला. १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढे १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बाबांच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की साखर ताब्यात नसेल, इन्सुलिन कमी पडत असेल, तर पोटॅशियम पेशींत शिरत नाही आणि एक केळंही न खाता आकडा चढू शकतो. तुम्ही ताटातला टोमॅटो मोजलात, पण तीन महिन्यांची सरासरी साखर किती ते पत्रात कुठेच नाही.

पेशींत ढकलणं ही मात्र तात्पुरती सोय आहे. आलेलं पोटॅशियम शेवटी अंगाबाहेर जावं लागतं. त्यातलं साधारण ९० टक्के लघवीवाटे जातं आणि उरलेलं शौचावाटे. इथे तुमच्या सासूबाईंच्या कोथिंबिरीच्या रसाकडे वळू या. किडनी म्हणजे गाळणी, ती तुंबते आणि काहीतरी पिऊन ती धुता येते, अशी समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात काम वेगळ्याच पद्धतीने चालतं. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सगळंच्या सगळं खाली काढतात, हवं ते परत वर जातं आणि टाकायच्या वस्तू शेवटी निवडून दाराबाहेर ठेवतात, तसं. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून अशी बाहेर काढतात. त्या पाण्यात २८ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे आपण दिवसभरात खातो त्याच्या सात-आठ पट. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पहिल्या दोन टप्प्यांतच त्यातलं ९० टक्के पुन्हा रक्तात घेतलं जातं. तुम्ही केळं खाल्लं काय नि भात खाल्ला काय, हा भाग जवळपास तसाच राहतो.

लघवीतून किती जायचं हे ठरतं अगदी शेवटच्या टप्प्यात. तिथल्या पेशी रक्तातून पोटॅशियम उचलतात आणि तयार होत आलेल्या लघवीत सोडतात. गाळण्याचा इथे संबंधच नाही. हे काम चालायला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे हुकूम. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडते. रक्तातलं पोटॅशियम किंचित वाढलं तरी ते स्रवतं आणि त्या पेशींना कामाला लावतं. दुसरी, तिथवर पोहोचणारं सोडियम. पेशी ते आत ओढून घेतात आणि त्या ओढीने पोटॅशियम बाहेर पडायला वाट मिळते. तिसरी, नळीतून पाण्याचा पुरेसा ओघ. हे तिन्ही असेल तर निरोगी माणूस नेहमीच्या कितीतरी पट पोटॅशियम पचवून टाकतो. कंदमुळं, फळं, पाला खाणाऱ्या आणि मीठ क्वचितच मिळणाऱ्या पूर्वजांकडून आलेली ही व्यवस्था आहे. पोटॅशियम टाकण्यात ती तरबेज आणि सोडियम धरून ठेवण्यात चिकट. ती हुशारही किती, तर पोटात पोटॅशियम पोहोचल्याचा सुगावा लागला की रक्तातला आकडा हलायच्या आधीच ती कामाला लागते.

आता हे बाबांच्या रिपोर्टला लावून बघू. ६९ व्या वर्षी क्रिएटिनिन १.७ म्हणजे ईजीएफआर, मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ४३. मूत्रपिंडाचं काम बरंच उणावलं आहे, यात शंका नाही. पण ४३ वर नुसत्या त्या कारणाने पोटॅशियम सहसा वाढत नाही. उरलेल्या नळ्या जादा काम उचलतात, आतडंही आपला वाटा वाढवतं. ईजीएफआर १५-२० च्या खाली गेला की ही तजवीज कोलमडू लागते. त्याच्या खूप आधी आकडा चढला, तर शेवटच्या टप्प्याच्या कामात कोण खोडा घालतंय हे आधी शोधायचं. ताटाकडे वळायचं ते त्यानंतर.

बाबांच्या बाबतीत खोडा घालणारे एकाहून जास्त आहेत. जुन्या मधुमेहात अल्डोस्टेरॉनचा हुकूमच पुष्कळदा क्षीण होतो, हे एक. टेल्मिसार्टन हाच हुकूम आणखी कमी करतं, हे दुसरं. आणि तिसरं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलं आहे: "गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात, पण ती साधीच आहे." त्या पाकिटाचा फोटो तुम्ही मागाहून पाठवलात. त्यात ॲसिक्लोफेनॅक आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ही गोळी साधी नाही. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो आणि अल्डोस्टेरॉनही कमी पडतं. टेल्मिसार्टन, मधुमेह आणि ही गोळी एकत्र आली की पोटॅशियम वाढणं ओघानेच आलं. मला विचाराल तर तुमच्या घरातली पहिली बंद करायची वस्तू ही, टोमॅटो नव्हे. गुडघ्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. साधं पॅरासिटामॉल, लावायचं मलम, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, असे मार्ग असतात.

चौथा भागीदार तुमच्या मिठाच्या बरणीत आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम कमी केलेलं असतं ते त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालून. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं सापडेल. प्रमाण पाकिटागणिक वेगळं असतं, आपण पाव हिस्सा धरू. माणूस दिवसाला आठ ग्रॅम मीठ खातो असं मानलं तर त्यात दोन ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आलं, आणि त्यातून सुमारे १००० मिलिग्रॅम पोटॅशियम. एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही केळं दारातून परत पाठवलंत आणि अडीच केळ्यांचं पोटॅशियम आमटी-भाजीतून वाढलंत. शिवाय भाजी-फळांतलं पोटॅशियम पूर्णपणे शोषलं जात नाही, मिठातलं मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. कोथिंबिरीचा रस हाही पोटॅशियमचाच पेला आहे. तो आजपासून राहू द्या.

सासूबाईंना यात दोषी ठरवू नका, कारण त्यांनी ऐकलं ते अर्धं खरं आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर याच जातीच्या मिठाचा मोठा अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. साधं मीठ खाणाऱ्यांपेक्षा हे मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत असं मीठ वापरण्याची शिफारस केली. पण ती शिफारस मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांसाठी, गरोदर बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी नाही. तुमच्या घरात बाबा आहेत आणि दोन मुलंही आहेत. तेव्हा स्वयंपाकात साधंच आयोडीनयुक्त मीठ घाला, पण हात आखडून. लोणचं, पापड, फरसाण कमी करा. सासूबाईंचं स्वतःचं क्रिएटिनिन नीट असेल आणि त्यांच्या गोळ्यांना डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यांनी ते पाकीट आपल्यापुरतं वापरावं. सैंधव घेऊ का, असं पुढे विचाराल म्हणून सांगते: सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमच्या बाबतीत त्याची धास्ती नको, पण रक्तदाबासाठी ते साध्या मिठापेक्षा काही सौम्य नाही.

दिरांचं म्हणणं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढतं हे बरोबर, पण ती गोळी किडनी खराब करते हा निष्कर्ष चुकीचा. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की मूत्रपिंडाची पुढची पडझड लांबवणारी म्हणून हीच गोळी मुद्दाम देतात. आकडा थोडा चढला म्हणून ती परस्पर बंद केली तर आज आकडा उतरेल आणि काही वर्षांनी डायलिसिस लवकर गाठेल. अलीकडे डॉक्टरांचा कल असा असतो की आधी पोटॅशियम इतर मार्गांनी खाली आणायचं आणि गोळी शक्यतो चालू ठेवायची. मार्ग आहेत: लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी, रक्तात आम्ल वाढलं असेल तर सोडियम बायकार्बोनेट, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, पोटॅशियम आतड्यातच धरून ठेवणारी पावडर, गरज पडली तर टेल्मिसार्टनचा डोस कमी. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. यातलं काय निवडायचं हे बाबांचे डॉक्टरच ठरवतील. फक्त कुणी "खायचा सोडा चिमूटभर द्या" म्हणालं तर तो देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना पिशवीत सगळं भरून न्या: प्रत्येक गोळीची पट्टी, गुडघ्याची गोळी, मिठाचं पाकीट, काढे-चूर्णं असतील तर त्यांच्या बाटल्या. तोंडी सांगताना "साध्या" गोळ्या नेहमी राहून जातात. रक्तातलं बायकार्बोनेट, तीन महिन्यांची साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं का, हे विचारा. बाबांना शौचाला रोज होतं का, तेही सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मूत्रपिंड थकलं की आतड्यावाटे जाणारं पोटॅशियम महत्त्वाचं ठरतं आणि बद्धकोष्ठतेत तेही अडून राहतं. गंमत अशी की तुम्ही भाज्या आणि फळं बंद केलीत तेव्हा चोथाही बंद झाला.

म्हणून आता ताट. नुसत्या ताक-भातावर ठेवू नका. साखरही उसळेल आणि बाबा आणखी वाळतील. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी या भाज्या बिनघोर करा. पालक, शेवगा, सुरण, अळू यांचे वाटे लहान आणि क्वचित. बटाटा हवाच असेल तर सोलून बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. निम्मं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम त्या पाण्यात निघून जातं. रात्रभर गार पाण्यात भिजत घालण्याने फार थोडं जातं, फोड बारीक करणं आणि उकळणं हेच कामाचं. कुकरला बेताच्या पाण्यात शिजवून तेच पाणी रश्शात घातलंत तर मात्र काहीच साधलं नाही. डाळ बंद करायचं कारण नाही. भिजवून, ते पाणी टाकून, पातळसर वरण वाटीभर चालेल. फळांत सफरचंद, पेर, अननसाची फोड, जांभळं चालतील. पेरू, केळं, खजूर, जर्दाळू सध्या नको, आणि शहाळं तर मुळीच नको, कारण एका शहाळ्यात ६०० मिलिग्रॅम सहज असतं. आंब्याचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. हापूसची एखादी फोड पोटॅशियमपेक्षा साखरेच्या अंगाने जास्त जपायला हवी. कमरख, म्हणजे ज्याला स्टार फ्रूट म्हणतात ते आंबट फळ, किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यात पोटॅशियमखेरीज मेंदूला बाधणारं द्रव्य असतं, निरोगी मूत्रपिंड ते काढून टाकतं आणि दुबळ्याला ते जमत नाही.

आता एकादशी. उपवासाचं खाणं हलकं, असं आपण धरून चालतो. किडनीच्या रुग्णापुरतं तसं ते नाही, कारण बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, केळं, शहाळं ही पोटॅशियमची जवळजवळ सगळी फौज उपवासाला एकाच दिवशी ताटात उतरते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ७०० मिलिग्रॅम असतं. खिचडीत कूट, आमटी दाण्याची, वर दाण्याचा लाडू. पण साबुदाणा आणि भगर स्वतः गरीब आहेत, पोटॅशियम त्यांत फार कमी. तेव्हा भगर करा, दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी करा, सोबत काकडी. खिचडी करायचीच तर वाटीच्या मापाने, जिरं-मिरची-तूप सढळ आणि कूट एखादाच चमचा. साबुदाणा आणि भगर दोन्ही साखर वाढवतात, म्हणून एका वेळी पोटभर नको.

निर्जळी मात्र करू देऊ नका. न खाल्लं तर पोटॅशियम येणारच नाही, मग निर्जळीच बरी, असं कुणाला वाटेल. उपाशी राहिलं की इन्सुलिन खाली येतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर यायला लागतं. पाणी तोडलं की नळीतला ओघ आटतो आणि जाणारं पोटॅशियमही थांबतं. काही न खाता आकडा वाढण्याची ही खात्रीची रीत आहे. त्यात मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरण्याची भीती वेगळीच. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे आधीच विचारून ठेवा.

आणि हे बाबांना सांगायचं कुणी? तुमच्या एवढ्या लांब पत्रात तुमच्या मिस्टरांचा उल्लेख एकदाच आला आहे, "ते कामात असतात" एवढाच. बंद करायचं काम सुनेकडे, रिपोर्ट आणायचं सुनेकडे आणि शेजारी बोल लागतो तोही सुनेलाच. हे पथ्य नसून पहारा झाला आहे, आणि पहारेकऱ्याला घरात कुणी जेवणाचं विचारत नाही. डॉक्टरांकडे बाबांसोबत मुलाने जावं. काय खायचं, काय नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून बाबांनी स्वतः ऐकावं. ज्या माणसाने उभी हयात शाळेत शिकवण्यात घालवली त्याला इन्सुलिन आणि अल्डोस्टेरॉन समजणार नाही, असं आपण का धरून चालायचं? वरचा सगळा मजकूर त्यांनाच वाचायला द्या. एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर असे रकाने आखून ती त्यांच्या ताब्यात द्या. मास्तर माणूस आहेत, वही नीट ठेवतील. एकादशीचा बेतही त्यांनाच ठरवू द्या, भगर की खिचडी. उपवास सोडायला कुणी सांगत नाही, एवढं कळलं की निम्मी चिडचिड तिथेच ओसरेल असं मला वाटतं. तुम्ही स्वयंपाक करा, हिशेब त्यांनी ठेवावा.

या पत्राच्या निमित्ताने इतरांसाठी. तुमची मूत्रपिंडं नीट असतील आणि वर सांगितलेल्या जातीच्या गोळ्या तुम्ही घेत नसाल, तर केळी, शहाळी, पालेभाज्या यांना घाबरण्याचं कारण नाही. निरोगी माणसाला दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम हवंच असतं आणि पुष्कळांच्या खाण्यात ते कमी पडतं. काहींचा प्रश्न तर नेमका उलटा असतो: लघवीच्या गोळ्या, लांबलेले जुलाब-उलट्या यांनी पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात. खोकल्यासाठी आठवडेच्या आठवडे ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्यांनीही जपावं. ज्येष्ठमधामुळे शरीर अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखं वागू लागतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं आणि रक्तदाब चढतो. "ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं, मग बाबांना तेच देऊ" असा शोध कृपा करून कुणी लावू नये. आणि ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांनी इथली मापं उसनी घेऊ नयेत, त्यांचं पथ्य याहून कडक असतं आणि ते त्यांच्या डायलिसिस केंद्रातल्या आहारतज्ज्ञांकडूनच घ्यावं.

एक गोष्ट राहिली. पावसाळा आहे. बाबांना जुलाब-उलट्या झाल्या किंवा ताप येऊन खाणं-पिणं तुटलं, तर शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडाचं काम एकदम मंदावतं आणि हीच टेल्मिसार्टन तेवढ्या दिवसांपुरती अडचणीची ठरू शकते. अशा वेळी कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि केव्हा परत सुरू करायच्या, हे डॉक्टरांकडून आताच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यात ठेवा. जलसंजीवनीतही पोटॅशियम असतं, ती किती द्यायची तेही त्याच कागदावर येऊ द्या. ॲसिक्लोफेनॅक आणि ते मीठ थांबवल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा एक-दोन आठवड्यांत, पोटॅशियम पुन्हा तपासलं जाईल. तो आकडा मलाही कळवा, आणि त्या आठवड्यात बाबांनी काय काय खाल्लं तेही वहीतून उतरवून पाठवा.